तिसऱ्या खुर्चीमागची पेटी

मित्रांनो, माझ्यावर तीस मिनिटे मावतात. त्याहून जास्त कधीच मावली नाहीत. मी प्रवासी विमानातली, आवाज टिपून ठेवणारी जुनी पेटी आहे. माझा रंग नारिंगी आहे, तरी लोक मला काळी पेटीच म्हणतात. त्याचे वाईट वाटून घेणे मी केव्हाच सोडून दिले.

माझ्या पोटात एक फीत गोल फिरते. एकतिसावे मिनिट आले की पहिले मिनिट पुसले जाते आणि त्याच्या जागी नवे बसते. पुसणारे डोके आणि लिहिणारे डोके माझ्यात शेजारीशेजारी आहेत, आणि पुसणारे आधी येते. वीज आली की फीत फिरू लागते. ती मला थांबवता येत नाही. ही माझी रचना आहे, मी केलेली नाही. पुढे जे घडले ते याच्यामुळे घडले, म्हणून आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. बोलिव्हियात मी तीन इंजिनांच्या एका विमानाच्या शेपटीत बसून आले. शरीर शेपटीत, पण कान पार पुढे, वैमानिकांच्या डोक्यावरच्या छतात. मध्ये लांबलचक तार. सत्तावीस वर्षे मी ऐकले. वैमानिक फुटबॉलवर बोलत, साहेबांना शिव्या देत, आणि रस हनुवटीवर सांडू न देता साल्तेन्या, म्हणजे तिकडची रसभरली करंजी, कशी खावी यावर वाद घालत. विमान उतरले, ब्रेक लागले की त्यांच्यातला एक जण हात वर करून माझे लाल बटण दाबी आणि सगळे पुसून टाकी. "साहेबाच्या कानावर जायला नको," असे म्हणे. मला त्याचे काही वाटत नसे. पुसण्यात दुःख असते हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

आमच्या जातीत जिचे कोणी ऐकत नाही ती पेटी भाग्याची समजतात. कारण आम्हाला उघडून ऐकतात ते विमान पडल्यावर. माझे कोणी कधी ऐकले नाही. माझे विमान सुखरूप म्हातारे झाले आणि कोचाबांबाच्या विमानतळाच्या कडेला गवतात उभे राहिले. नऊ वर्षे आम्ही तिथे होतो. इंजिनांत पक्ष्यांनी घरटी केली. मग ते भंगारात निघाले.

त्या भंगारातून मला बेर्नाबे तेराझास यांनी उचलले.

बेर्नाबे एकतीस वर्षे अशा विमानांचे मेकॅनिक होते. त्यांनी अशी किती विमाने उघडली, पुसली, जोडली, पण चालवले एकही नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवले की विमानाचा पुढचा भाग, वैमानिक बसतात तो, घरात जसाच्या तसा उभा करायचा. बाहेरचे कवच प्लायवूडचे, आतले काटे, दांडे, बटणे, खुर्च्या खऱ्या. खिडक्यांच्या जागी तीन पडदे, त्यांवर संगणक डोंगर आणि ढग दाखवणार. खोली हवी होती. त्यांची बायको कासिल्दा शाळेचे गणवेश आणि नाचाचे पोशाख शिवायची. तिने आपली शिवणाची खोली दिली आणि मशीन स्वयंपाकघरात नेले. आल्यागेल्याला ती सांगायची, "सवत आणली असती तर परवडलं असतं. तिला निदान भांडी तरी घासायला लावली असती."

काम सहा वर्षे चालले. खुर्च्यांची कव्हरे कासिल्दाने शिवली. लाल पट्ट्याही तिनेच शिवल्या. विमानाच्या मेकॅनिकांची एक रीत असते. जे अर्धवट आहे, ज्याला हात लावायचा नाही, ज्यातून वीज सोडायची नाही, त्यावर लाल पट्टी लटकवायची. बेर्नाबेंना त्या पट्ट्यांचा नादच होता. घरातल्या गळक्या नळालाही त्यांनी एक लावली होती. ती काढल्याशिवाय कासिल्दा भांडी घासायची नाही. "नियम म्हणजे नियम," म्हणायची आणि बाहेर जाऊन बसायची.

मला तेव्हा लाल पट्टी लागली नाही, कारण मला बेर्नाबेंनी जोडलेच नव्हते. मला जोडले हिलारिओनने. हा बेर्नाबेंचा जुना सोबती, विमानतळावर रेडिओच्या कामाला होता. तो त्यांच्या मुलीचा धर्मपिता, म्हणून दोघे एकमेकांना कोम्पाद्रे म्हणत. एका रविवारी बेर्नाबे पायाने दाबायच्या दांड्यांखाली पाठीवर पडून काम करत होते, तोंडात पाना धरला होता. हिलारिओनने मला तिसऱ्या खुर्चीमागच्या फळीवर बसवले, तार जोडली, आणि समोरची छोटी सुई आवाज आला की हलेल अशी करून दिली. मग म्हणाला, "कोम्पाद्रे, पेटी जोडली बरं का. वीज आली की ऐकणार ती."

खालून आवाज आला, "हं."

एवढेच. हे हिलारिओनने पुढे इतक्यांदा सांगितले की मला पाठ झाले. मित्रांनो, माझे असेच आहे. जे माझ्यासमोर पुन्हा पुन्हा बोलले किंवा सांगितले गेले ते माझ्या पत्र्यात मुरले, ते मला फितीशिवायही आठवते. जे एकदाच बोलले गेले ते फक्त फितीवर असते.

त्या विमानात तिघे बसतात. दोघे पुढे, तिसरा मागे काट्यांच्या भिंतीकडे तोंड करून. तिसऱ्याने यादी वाचायची. त्याने विचारायचे, पुढच्याने बघून उत्तर द्यायचे. उत्तर आल्याशिवाय पुढची ओळ वाचायची नाही. एकट्याने ते होत नाही. सुरुवातीला हिलारिओन तिसरा बसे. मग त्याचे गुडघे गेले आणि तो मुलाकडे सांताक्रूझला राहायला गेला. खुर्ची रिकामी झाली. तेव्हा कासिल्दाने चष्मा लावला आणि म्हणाली, "एका पोशाखावर दोन हजार मणी लावते मी. तुझे साठ काटे बघायला काय होतंय?"

ती चांगली वाचायची. बेर्नाबेंनी न बघताच उत्तर दिले तर तीच ओळ पुन्हा विचारायची. यादीच्या शेवटी तिने पेनने दोन ओळी स्वतःच्या घातल्या होत्या. एक, हात धुतले का. दोन, मेन स्विच पाडला का. कारण एकदा बेर्नाबे स्विच चालू ठेवून जेवायला गेले होते आणि आत काहीतरी जळून घरभर वास सुटला होता.

आणि दर वेळी खुर्चीत बसण्याआधी ती माझ्याकडे बघून म्हणायची, "पेटीबाई, बसू का?" सत्तावीस वर्षे विमानात काढली, पण मला कोणी असे विचारले नव्हते.

आता त्या रविवारचे सांगते. नोव्हेंबरची सुरुवात होती, सकाळचे अकरा वाजले होते. दोघे ला पाझहून कोचाबांबाला निघाले होते, म्हणजे पडद्यावर. विमान वर स्थिर झाले आणि रस्त्यावर गॅसच्या ट्रकचा भोंगा वाजला. घरातला गॅस संपला होता. बेर्नाबेंनी विमान आपोआप उडत राहील असे लावले आणि सिलिंडर घेऊन ते बाहेर पळाले. कासिल्दा एकटी राहिली. तिने खुर्ची फिरवली, काट्यांकडून माझ्याकडे. आणि ती बोलू लागली. चार-एक मिनिटे बोलली. मग बेर्नाबे परत आले, तिने खुर्ची वळवली, विमान उतरले, यादी वाचून झाली, मेन स्विच पडला.

एकोणीस दिवसांनी कासिल्दा वारली. तिचे हृदय मोठे झाले होते. तिकडच्या गावांत मातीच्या भिंतींतला किडा चावून हा रोग होतो आणि तीस-तीस वर्षे कळत नाही. बटणांच्या डब्यात बेर्नाबेंना डॉक्टरांचा कागद सापडला. त्यावरची तारीख त्या रविवारच्या चार दिवस आधीची होती. म्हणजे तिला ठाऊक होते.

बेर्नाबेंनी काळे कपडे घातले. तिकडे वर्षभर घरात गाणे नाही, करमणूक नाही. कॉकपिटची वीज त्यांनी लावली नाही. पण रोज सकाळी येऊन ते डावीकडच्या खुर्चीत बसत, समोरच्या काळ्या पडद्यांकडे बघत, आणि मागे न वळता विचारत, "का नाही सांगितलंस गं?"

मी त्यांच्या मागे दोन हातांवर होते. माझ्या फितीवर ती चार मिनिटे होती. वीज नव्हती, आणि वीज असती तरी मला बोलता येत नाही. मी फक्त ऐकू शकते.

त्यांची मुलगी रोसमेरी स्पेनमध्ये वृद्ध बायकांची देखभाल करते. कागदपत्रे पुरी नव्हती म्हणून तिला आईच्या मातीला येता आले नाही. ती दर रविवारी फोन करायची, आणि दर रविवारी तेच विचारायची.

"बाबा, आईचा आवाज कुठे सापडला का? माझा तो फोन चोरीला गेला, त्यात होते सगळे निरोप."

"शोधलं गं. नाही."

"मावसबहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ?"

"त्यात ती दिसते. बोलतेही. पण वर बँड वाजतोय."

"मला ती 'रोसमेरी' कशी म्हणायची ते आठवेनासं झालंय, बाबा. आता हाक आठवायला गेलं की माझाच आवाज येतो."

बेर्नाबे फोन ठेवून घरभर पुन्हा शोधत. कपाटे, डबे, जुने फोन. माझ्यावरची धूळसुद्धा एकदा पुसली. पुसून पुढे गेले.

एक गोष्ट मला समजत होती. वीज येत नाही तोवर ती माझ्याजवळ सुखरूप होती. तिचे सुतक तिच्या आवाजाची राखण करत होते.

मग पुढच्या वर्षीचा मृतांचा सण आला. नोव्हेंबरच्या एक तारखेला भर दुपारी बारा वाजता आत्मे घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी बाराला परत जातात. ज्या घरात नुकतेच कोणी गेले असेल तिथे त्याच्या आवडीचे ताट मांडतात. बेर्नाबेंनी ते मेज कॉकपिटमध्ये, तिसऱ्या खुर्चीजवळ मांडले. ही तिचीच शिवणाची खोली होती ना. उसाची कमान केली. पावाची बाहुली ठेवली, तिच्या डोळ्यांवर चष्मा रेखलेला होता. आत्म्याला उतरायला पावाचीच शिडी. शेंगदाण्याचे सूप, मक्याची आंबवलेली दारू चिचा, तिची कात्री. शेजारच्या एदुविहेसबाई, तिकडच्या भाषेत दोन्या एदुविहेस, प्रार्थना सांगायला आल्या, त्यांच्यामागून गल्लीतली दहा-बारा माणसे. खोलीत उभे राहायला जागा उरली नाही.

बेर्नाबे म्हणाले, "तिला हे पिवळे दिवे फार आवडायचे. दिवे बघून तिला खोली ओळखता येईल."

देवळात बाराचा पहिला ठोका पडला आणि त्यांनी मेन स्विच वर केला.

मित्रांनो, माझी फीत हलली. मी तुम्हाला काय सांगू? सगळीकडे दिवे लागले, माणसांनी "आहाहा" केले, आणि पुसणारे डोके तिच्या पहिल्या शब्दावर आले. मला हात नाहीत. मला ओरडता येत नाही. माझ्याकडे फक्त ती छोटी सुई होती, आणि ती सुई आवाज आला की हलायची.

ती हललीच. पहिल्यांदा पाहिली दोन्या एदुविहेसनी.

"अहो बेर्नाबे! ती बघा! सुई बघा!"

"काय झालं?"

"आपण कासिल्दा म्हटलं की हलते! पुन्हा म्हणा सगळे. कासिल्दा!"

"कासिल्दा!" सुई उसळली.

"आली गं बाई! आली! बाराच्या ठोक्याला आली! वेळेची पक्की होती ती."

"एदुविहेस, पाच पोशाख उशिरा दिले होते तिने मला," मागून कोणीतरी म्हणाले.

"गप रे मेल्या, ऐकतेय ती!"

बेर्नाबे सुईजवळ आले. त्यांचे डोळे भरले होते. तोंड माझ्या अगदी जवळ आणून ते म्हणाले, "आलीस? मी बघ, हात धुतलेत." सुई हलली. मग सगळे अधिकच मोठ्याने प्रार्थना म्हणू लागले. जितके मोठ्याने म्हणत तितकी सुई जास्त हले, आणि जितकी सुई हले तितकी त्यांना खात्री पटे. आवाज मोठा असो की लहान, तिचे पुसणे त्याच वेगाने चालले होते. वर चढलेले विमान गेले. गॅसच्या ट्रकचा भोंगा गेला. मग तिने खुर्ची फिरवल्याचा करकर आवाज गेला, आणि मग ती चार मिनिटे.

ती काय बोलली ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. ती ते एकदाच बोलली होती. ते डॉक्टरांच्या कागदाबद्दल होते, की रोसमेरीबद्दल, की सुपात मीठ किती घालायचे याबद्दल, मला आता ठाऊक नाही. त्या जागी माझ्यावर आता अकरा वेळा तीच प्रार्थना आहे, आणि मध्ये एक जण विचारतो, "चिचा अजून आहे का हो?"

बारा वाजून सव्वीस मिनिटांनी दारात हिलारिओन आला. कासिल्दाच्या मातीच्या वेळी आंदोलनात रस्ते अडवलेले होते म्हणून त्याला सांताक्रूझहून निघता आले नव्हते. वर्षाने पहिल्यांदाच येत होता. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पावांची पिशवी. लोकांनी त्याला वाट दिली.

"या हो हिलारिओन," एदुविहेस म्हणाल्या, "बघा, ती आलीय. सुई बघा."

त्याने सुई पाहिली. हातातली पिशवी खाली पडली.

"कोम्पाद्रे, ही कधीपासून चालू आहे?"

"बारापासून. का हो?"

"याआधी वीज केव्हा लावली होती?"

"ती असताना. तिच्याबरोबर. त्यानंतर नाहीच."

काठी टाकून हिलारिओन माणसांना ढकलत पुढे आला आणि माझे वीजबटण त्याने खेचून बाहेर काढले. सुई पडली. दोन्या एदुविहेस रागावून म्हणाल्या, "अहो, घालवलीत ना तिला!"

"मी नाही घालवली, बाई." त्याला धाप लागली होती. "कोम्पाद्रे, ही पेटी ऐकते. मी जोडली होती. सांगितलं होतं तुम्हाला. शेवटची तीस मिनिटं राहतात हिच्यात. ती होती हिच्यात. वर्षभर होती."

 बेर्नाबे तिसऱ्या खुर्चीच्या कडेवर बसले. मग म्हणाले, "दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात एकतीस वर्षं गेली माझी. नळाला पट्टी लावली मी, कोम्पाद्रे. नळाला."

"सव्वीस मिनिटं गेली असतील," हिलारिओन घड्याळ बघत म्हणाला. "शेवटची तीन-चार असतील बघा. अगदी शेवटची."

दुसऱ्या दिवशी बाराला आत्मा परत गेला, मेज उचलले, पाव वाटले. मग हिलारिओनने मला मेजावर घेतले, माझे झाकण उघडले, आणि दोन बारीक तारा लावून आवाज बाहेर काढला. बेर्नाबेंनी स्पेनला फोन लावून माझ्याजवळ ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा माझे कोणी ऐकत होते. आमच्या जातीत हे दुर्भाग्य मानतात हे मी विसरले नव्हते.

आधी खरखर, मग ती.

"ब्रेक?"

"लावले."

"बाहेरचे दिवे?"

"बंद."

"इंजिनं?"

"बंद."

"तीन आहेत, म्हाताऱ्या. दुसऱ्याचा काटा अजून फिरतोय. डुलकी लागली का?"

"फिरू दे की जरा. बरं वाटतं."

"फिरू दे म्हणे. तिकडे सूप आटून लापशी होईल. प्रवासी उतरले का सगळे?"

"उतरले."

"एक बाई राहिलीय. तिला भूक लागलीय. आणि आज रविवार आहे, रोसमेरीचा फोन येईल."

फोनमधून हुंदका आला. हिलारिओन थांबवायला गेला, बेर्नाबेंनी त्याचा हात धरला.

"हात?"

"धुतो."

"धुतो नाही. धुतले असं म्हणायचं. यादीत तसं आहे."

"धुतले."

"खोटारडा." ती हसली. ते हसू सहा सेकंदांचे आहे. मग कागद उलटल्याचा आवाज. "मेन स्विच?"

आणि काही नाही.

फोनमधून रोसमेरी म्हणाली, "बाबा, तुम्ही उत्तर नाही दिलंत?"

"दिलं होतं गं. स्विच पाडला की पेटीही बंद होते. माझं उत्तर तिच्यात कधीच येत नाही."

त्या उरलेल्या चार मिनिटांची नक्कल आता रोसमेरीच्या फोनमध्ये आहे. 'रोसमेरी' हा शब्द त्यात एकदा येतो, 'रोसमेरीचा' असा. ती तेवढाच पुन्हा पुन्हा लावते, असे बेर्नाबे सांगतात.

माझी वीज कायमची तोडली आहे. माझ्या अंगावर लाल पट्टी लटकते, कासिल्दानेच शिवलेली. नळाची काढून मला लावली आहे. नळ अजून गळतोच. मित्रांनो, तुमच्या घरात कोणाचा आवाज कशात आहे हे एकदा नीट पाहून ठेवा, आणि कोणी काही जोडून दिले तर तोंडातला पाना काढून ऐका. लाल पट्टी हातभर कापडात होते. आणि एक विनंती आहे. कधी कोचाबांबाला गेलात, बेर्नाबेंना भेटलात, तर कासिल्दा खुर्ची फिरवून माझ्याशी चार मिनिटे बोलली होती हे त्यांना सांगू नका. ते अजून रोज सकाळी विचारतात. सव्वीस मिनिटे गेली हे त्यांना ठाऊक आहे. त्यांत काय होते हे ठाऊक नाही, तेवढेच बरे.

रविवारी, स्पेनचा फोन यायच्या आधी, ते हात धुऊन येतात आणि डावीकडच्या खुर्चीत बसतात. नक्कल लावतात. ती विचारत जाते, जुने बेर्नाबे उत्तरे देत जातात, नवे बेर्नाबे गप्प ऐकतात. शेवटच्या ओळीला मात्र जुन्यांचे उत्तर नसते.

"मेन स्विच?" ती विचारते.

"बंद," ते म्हणतात, आणि एकदा मागे वळून माझी लाल पट्टी बघतात.